डॉस हल्ल्याचा उगम शोधायचा तर नेमकं काय बघायचं?

सूक्ष्मदर्शी

डॉस हल्ला (सर्व्हरवर भार टाकून सेवा बंद पाडणं) थोपवण्यावर इथे भरपूर धागे आहेत. हल्ला आला कुठून हे शोधण्यावरची चर्चा मात्र "लॉगमधले आयपी काढा आणि ब्लॉक करा" इथे येऊन थांबते. म्हणून हा वेगळा धागा.

आयपी पॅकेटमधला सोर्स पत्ता पाठवणारा स्वतः भरतो आणि वाटेतला राउटर पॅकेट पुढे ढकलताना फक्त डेस्टिनेशन बघतो. त्यामुळे सोर्स पत्ता हा नुसता दावा आहे. ज्यात पाठवणाऱ्याला लबाडी करता येत नाही अशी गोष्ट एकच: पॅकेट कुठल्या राउटरवर, कुठल्या इंटरफेसमधून आत आलं. ही इंटरफेसची साखळी एकेक कडी मागे नेत जायची, बाकी सगळं त्याला पूरक.

पण आधी हल्ल्याची जात ओळखा. जात चुकली तर दोन दिवस भलत्याच्या मागे जातात. एक लाख पॅकेटं टीसीपीडंप या टूलने पकडा, प्रत्येकाचे पहिले १२८ बाइट पुरतात. फाइल वाचताना एन (-n) पर्याय द्या, नाहीतर प्रत्येक पत्त्याचं नाव शोधण्यासाठी डीएनएस चौकशांचा वेगळाच पूर तुमच्याकडूनच सुटेल.

सगळं यूडीपी (आधी जोडणी न करता पाठवलेली पॅकेटं), सोर्स पोर्ट ठरावीक (५३, १२३, ३८९, १९००, ११२११, १९), पॅकेटं मोठी: हा रिफ्लेक्शन हल्ला. इथे दिसणारे सोर्स पत्ते खरे असतात, पण ते हल्लेखोराचे नसून कुणालाही उत्तर देणाऱ्या बिचाऱ्या उघड्या सर्व्हरांचे असतात. खोटेपणा झालाय तो आधीच्या टप्प्यात, तुमचा पत्ता घालून त्यांना विचारणा केली तेव्हा.

पत्त्यांची पुनरावृत्ती जवळपास नाही, बहुतेक टीसीपी सिन (जोडणी मागणारी) पॅकेटं: खोट्या पत्त्यांचा थेट पूर. चाचणी सोपी आहे. ३२ बिट खरोखर यदृच्छेने भरले असतील तर २२४.०.०.० पासून वरचे पत्ते, म्हणजे ३२/२५६, साडेबारा टक्के निघायला हवेत. तिथला पत्ता कुणाचाही सोर्स असूच शकत नाही. एवढे निघाले तर शंका संपली. नाही निघाले तर मात्र उलटं सिद्ध होत नाही. हुशार टूल हे पट्टे टाळतं आणि वाटेतला एखादा राउटर ते गाळूनही टाकतो.

तेच पत्ते पुन्हा पुन्हा येतात आणि सिन कुकी (खोट्या पत्त्याला जोडणी पूर्ण करू न देणारी युक्ती) लावल्यावरही टीसीपी जोडणी पूर्ण करतात: खरे पत्ते, म्हणजे बॉटनेट (हल्लेखोराने ताब्यात घेतलेली इतरांची यंत्रं) किंवा प्रॉक्सी (मधला सर्व्हर).

नवखा_अ‍ॅडमिन

माहिती छान. दोन शंका. रिफ्लेक्शनमध्ये बरीच पॅकेटं "पोर्ट ०" अशी दिसतात, ती वेगळा हल्ला समजायची का? आणि टीटीएलवरून अंतर कळतं म्हणतात, ते कितपत खरं?

सूक्ष्मदर्शी

पोर्ट ० हा बहुतेक वेळा वेगळा हल्ला नसतो. डीएनएसचं किंवा सीएलडॅपचं (ही निर्देशिका सेवा) मोठं उत्तर १५०० बाइटमध्ये मावत नाही, त्याचे तुकडे होतात. यूडीपीचं शीर्षक फक्त पहिल्या तुकड्यात असतं. पुढच्या तुकड्यांत पोर्टच नाही, म्हणून फ्लो (ट्रॅफिकच्या गोळा केलेल्या नोंदी) एक्स्पोर्ट करणारा राउटर तिथे ० लिहितो. हे तुकडे आणि पोर्ट ५३ ची (डीएनएसची) पॅकेटं त्याच पत्त्यांवरून येताहेत का ते ताडून बघा. येत असतील तर एकाच खात्यात टाका. एनटीपीत (घड्याळं जुळवणारी सेवा, पोर्ट १२३) हा प्रश्न येत नाही. तिच्या मॉनलिस्ट या आज्ञेचं उत्तर सहा-सहा नोंदींच्या पॅकेटांत येतं, प्रत्येकाचा यूडीपी पेलोड ४४० बाइट, एका विचारणेला अशी जास्तीत जास्त १०० पॅकेटं. ४६८ बाइटची आयपी पॅकेटं ओळीने दिसली की ओळखायचं.

टीटीएल हा पॅकेटच्या शीर्षकातला आकडा: सुरुवात बहुधा ६४, १२८ किंवा २५५ पासून होते आणि प्रत्येक राउटर एक कमी करतो. ५२ दिसलं तर १२ टप्पे, हा अंदाज. खोट्या पत्त्यांच्या पुरात याचा उपयोग असा की पत्ते जगभरचे दाखवलेत पण टीटीएल सगळ्यांचं एकच, तर पाठवणारं यंत्र एक किंवा एकाच ठिकाणची मोजकी यंत्रं. टूल टीटीएलही यदृच्छेने भरत असेल तर दिसलेलं सर्वांत मोठं टीटीएल बघा. वाढवणं वाटेत कुणाच्या हातात नाही. उगम एकच असेल आणि टूल २५५ पर्यंत भरत असेल तर २५५ वजा तो आकडा म्हणजे अंतर. हे "तर" विसरू नका.

रात्रपाळी

इंटरफेसच्या साखळीबद्दल थोडं तपशिलात, कारण तिथेच लोक अडकतात.

नेटफ्लो किंवा आयपीफिक्स या फ्लोच्या पद्धतींच्या नोंदीत इनपुट इंटरफेसचा क्रमांक असतो. एनएफडंपमध्ये (या नोंदी वाचणारं टूल) पीडित पत्ता आणि प्रोटोकॉल एवढाच फिल्टर लावा आणि बेरीज सोर्स आयपीवर न करता एक्स्पोर्ट करणारा राउटर + इनपुट इंटरफेस या जोडीवर करा. पहिल्याच फटक्यात कळतं की ७० टक्के ट्रॅफिक अमुक अपस्ट्रीमकडून (आपल्याला इंटरनेट पुरवणारं जाळं), २० टक्के एक्सचेंजवरून (अनेक जाळी एकमेकांना जोडली जातात ती जागा), उरलेला किरकोळ. फ्लोमधल्या सोर्स एएस (एएस म्हणजे एका संस्थेच्या हातातलं जाळं) या रकान्याकडे मात्र ढुंकूनही बघू नका. तो सोर्स पत्त्यावरून रूटिंग टेबल बघून भरलेला असतो. पत्ता खोटा तर एएसही खोटा, आणि वर आलेख इतका देखणा दिसतो की वरिष्ठ लगेच विश्वास ठेवतात.

आता काय बिघडतं ते.

अनेक राउटरांवर अ‍ॅक्टिव्ह टाइमआउट मुळात ३० मिनिटांचा असतो. म्हणजे चालू असलेल्या फ्लोची नोंद अर्ध्या तासाने बाहेर पडते, तोवर हल्ला संपलेला. ६० सेकंदांवर आणा.

राउटर रीबूट झाला किंवा कार्ड बदललं की इंटरफेसचे क्रमांक बदलू शकतात. मग जुन्या नोंदीतला १७ क्रमांक म्हणजे आजचा १७ नव्हे. क्रमांक कायम ठेवण्याची सेटिंग चालू करा आणि रोज एकदा क्रमांक-नाव यादी तारखेसह साठवा.

फ्लो एक्स्पोर्ट यूडीपीवर चालतं. ते तुंबलेल्या त्याच लिंकवरून जात असेल तर नेमक्या गरजेच्या वेळी नोंदी गळतात. व्यवस्थापनाचं वेगळं जाळं हवं. सगळी घड्याळं एनटीपीने जुळलेली आणि यूटीसीत, हे सांगायला नको, तरी सांगतो.

सॅम्पलिंग १:१००० (हजारांतलं एकच पॅकेट मोजणं) असेल तर घाबरू नका. सेकंदाला दहा लाख पॅकेटांच्या पुरात तुम्हाला सेकंदाला हजार नमुने मिळतात, वाटा ठरवायला तेवढे रग्गड. हळू चालणारे हल्ले मात्र, म्हणजे अर्धवट एचटीटीपी विनंत्या धरून ठेवणारे वगैरे, यात दिसत नाहीत. ते सर्व्हरच्या लॉगमध्येच शोधायचे.

शर्वरी

+१, आणि एक्सचेंजवरचा खड्डा राहिला. इंटरनेट एक्सचेंजच्या सामायिक लॅनवर तुमचा इंटरफेस एक, शेजारी शेकडो. "एक्सचेंजवरून आलं" यापुढे इंटरफेस क्रमांक काही सांगत नाही. तिथे सोर्स मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) लागतो. एसफ्लो या दुसऱ्या पद्धतीत पॅकेटचं शीर्षक इथरनेटसकट येतं, त्यामुळे मॅक आपोआप मिळतो. नेटफ्लो आवृत्ती ९ मध्ये मॅकचा रकाना टेम्प्लेटमध्ये मुद्दाम घालावा लागतो, आवृत्ती ५ मध्ये तो नाहीच. मॅकवरून एआरपी टेबल (कुठला मॅक कुठल्या आयपीचा याची यादी) बघून शेजाऱ्याचा आयपी, त्यावरून बीजीपी (जाळ्यांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) सत्र, त्यावरून एएस. एआरपी टेबलही हल्ल्याच्या वेळचं हवं, आठवड्यानंतरचं नको.

हा मॅक त्या शेजाऱ्याच्या राउटरचा आहे, हल्लेखोराचा नव्हे. हे वाक्य तक्रारीतसुद्धा लिहा, नाहीतर समोरचा पहिल्याच ओळीला भडकतो.

जुनाखोंड

फ्लो येण्याआधी हेच काम हाताने चालायचं. राउटरवर पीडित पत्त्याला जुळणारा एसीएल (पॅकेट गाळण्या-मोजण्याचे नियम) लावायचा, मोजणी कुठल्या इंटरफेसवर वाढते ते बघायचं, मग पलीकडच्या राउटरवर तेच. जाळ्याची हद्द आली की फोन. हल्ला चालू असेपर्यंतच हे जमायचं, म्हणून चौथ्या-पाचव्या फोनला साखळी तुटायची.

त्या काळातली एक युक्ती अजूनही शिकण्यासारखी आहे, बॅकस्कॅटर ट्रेसबॅक. पीडित पत्ता बीजीपीने सगळ्या सीमेवरच्या राउटरांवर एकदम शून्याकडे वळवायचा. पॅकेट टाकून देताना प्रत्येक राउटर "पोचता येत नाही" असा आयसीएमपी संदेश सोर्स पत्त्याकडे पाठवतो. पत्ते खोटे आणि यदृच्छ असल्याने त्यातले काही संदेश कुणालाच न दिलेल्या पट्ट्यांकडे निघतात. ते पट्टे आपल्याच जाळ्यात एका सिंकहोलकडे (असा ट्रॅफिक गोळा करणारं यंत्र) ओढून घ्यायचे. संदेश पाठवणाऱ्या राउटरचा पत्ता बघितला की हल्ला कुठल्या दारातून आत येतोय ते मिनिटाभरात कळतं, एकही एसीएल न लावता.

आता अडचण अशी की आयपीव्ही४ चे मोकळे पट्टे उरलेले नाहीत, पत्ते वाटणाऱ्या आयएएनए या जागतिक संस्थेचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. शिवाय राउटर आयसीएमपी पाठवण्यावर मर्यादा घालतात किंवा ते बंदच असतं. आणि पत्ता शून्याकडे वळवला की पीडित सेवा आपणच बंद केली, हे विसरायचं नाही.

नवखा_अ‍ॅडमिन

काका, पॅकेटवर राउटरनेच खूण करायची अशी पद्धत अभ्यासक्रमात होती. ती कुठे वापरात आहे का?

जुनाखोंड

नाही, आणि का नाही ते कळणं महत्त्वाचं.

सॅव्हेज, वेदरॉल, कार्लिन आणि अँडरसन यांनी २००० साली मांडलेली ती कल्पना. प्रत्येक राउटर थोड्या पॅकेटांवर, समजा २५ पैकी एकावर, मार्गातल्या आपल्या कडीची माहिती लिहितो. जागा हवी म्हणून आयपी शीर्षकातला १६ बिटांचा आयडेंटिफिकेशन रकाना वापरायचा. माहिती तेवढ्यात मावत नाही, म्हणून आठ तुकडे. दहा टप्प्यांचा मार्ग जुळवायला साधारण १३०० पॅकेटं लागतात, पुराच्या मानाने ही काहीच नाहीत.

कागदावर सुंदर. पण तो रकाना तुकडे जुळवण्यासाठी असतो, त्यावर लिहिलं की तुकड्यांत आलेली खरी पॅकेटं बिघडतात. आयपीव्ही६ च्या मूळ शीर्षकात असा रकानाच नाही. हल्लेखोर खोट्या खुणा भरून पाठवू शकतो, आणि जवळच्या राउटरांनी न पुसलेल्या खुणा तशाच पोचतात. उगम एकाऐवजी हजारो झाले की तुकड्यांच्या जुळण्या इतक्या वाढतात की खोटे मार्गही खरे वाटू लागतात. सगळ्यात मोठी अडचण खर्चाची: खूण करण्याचा भार एकाच्या राउटरवर, फायदा दुसऱ्याच्या ग्राहकाला.

बेलोव्हिन यांचा आयसीएमपीचा प्रस्ताव त्याच काळातला. राउटरने सुमारे २०,००० पॅकेटांमागे एकदा "हे माझ्याकडून गेलं" असा वेगळा संदेश पाठवायचा. तोही मसुद्यातच राहिला. प्रत्येक पॅकेटचा ठसा ब्लूम फिल्टरमध्ये (कमी जागेत ठसे साठवणारी रचना) ठेवणारी पद्धत एकाच पॅकेटचा मागही काढू शकते, पण वेगवान लिंकवर तो ठसा काही मिनिटांपलीकडे टिकवायला लागणारी मेमरी परवडत नाही. आणखी एक प्रकार होता, संशयित लिंकवर आपणच भार टाकायचा आणि हल्ल्याचा जोर कमी होतो का बघायचं. तो आज कुणी करू नये. दुसऱ्याची लिंक तुंबवणं हा स्वतःच डॉस हल्ला आहे.

शर्वरी

रिफ्लेक्शनच्या बाबतीत मागे जाणं वेगळ्या प्रकारे अवघड आहे. आकडे मांडून बघा.

एनटीपी मॉनलिस्टचा वाढीचा गुणक (विचारणेच्या किती पट उत्तर) ५५६.९ असा धरला जातो. म्हणजे तुमच्यावर १० गिगाबिटचा हल्ला करायला उगमाकडून सुमारे १८ मेगाबिट पुरतात. हा गुणक यूडीपी पेलोडवर मोजलेला आहे, शीर्षकं धरली की उगमाचा भार बराच वाढतो. चला, दहापट धरू, १८० मेगाबिट. ते ४००० उघड्या सर्व्हरांवर वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला ४५ किलोबिट. कुठल्याही सर्व्हरमालकाच्या आलेखावर हे दिसणार नाही. म्हणून "तुमच्या सर्व्हरवर हल्ला होतोय का" असं विचारलं की तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो.

विचारायचं असं: "आमचा अमुक पत्ता सोर्स दाखवून तुमच्या पोर्ट १२३ वर येणारी पॅकेटं कुठल्या अपस्ट्रीमकडून येतात, टीटीएल किती?" सगळ्यांना नको. बाइटच्या क्रमाने पहिले वीस-तीस, त्यातही वेगवेगळ्या जाळ्यांतले. पाच जणांनी जरी उत्तर दिलं आणि पाचही बोटं एकाच ट्रान्झिटकडे (इतर जाळ्यांचा ट्रॅफिक वाहून नेणारं जाळं) वळली, तर काम झालं. कारण तुमच्याकडे येणारा ट्रॅफिक चार हजार ठिकाणांहून येत असला तरी त्याआधीचा विचारणांचा ओघ बहुधा मोजक्याच जाळ्यांतून निघालेला असतो.

ज्यांच्याकडे हनीपॉट आहे त्यांना हे घरबसल्या दिसतं. उघडा रिफ्लेक्टर असल्याचं नाटक करणारा सर्व्हर ठेवायचा, उत्तरांवर मात्र कडक मर्यादा, नाहीतर तुम्हीच हल्ल्यात सामील. बरेच हल्लेखोर आधी स्कॅन करून रिफ्लेक्टरची यादी बनवतात. स्कॅन करताना उत्तर परत यायला हवं म्हणून तिथे खरा पत्ता वापरावाच लागतो. प्रत्येक स्कॅनरला वेगळ्या हनीपॉट पत्त्यांचा संच दाखवला तर पुढे हल्ल्यात नेमका तोच संच वापरला गेल्यावर स्कॅनरचा पत्ता हाती येतो.

रात्रपाळी

खोट्या पत्त्यांच्या थेट पुरासाठी बीजीपीचाही उपयोग होतो. हल्ला झालेला /२४ (२५६ पत्त्यांचा पट्टा) एका अपस्ट्रीमला जाहीर करणं थांबवायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, ट्रॅफिक कुठल्या दाराने परत येतो आणि टीटीएल किती बदलतं ते टिपायचं. मग दुसरा अपस्ट्रीम. एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले की निष्कर्ष काढता येत नाही. एनीकास्टवाल्यांना (एकच पत्ता अनेक केंद्रांवरून जाहीर करणारे) हे आयतं मिळतं: कुठल्या केंद्रावर पूर उतरला यावरूनच उगम कुठल्या बाजूला ते कळतं.

ब्लॅकहोल करण्याआधी, म्हणजे अपस्ट्रीमला आपल्या पत्त्याची पॅकेटं टाकून द्यायला सांगण्याआधी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी ७९९९, बीजीपीतली खूण म्हणजे कम्युनिटी ६५५३५:६६६), निदान दोन मिनिटांचा नमुना साठवा. अपस्ट्रीमने एकदा पॅकेटं टाकायला सुरुवात केली की तुमच्याकडे बघायला काही उरत नाही. घाईत सगळे इथेच पुरावा घालवतात.

सूक्ष्मदर्शी

बॉटनेटच्या बाबतीत पत्ते खरे, पण म्हणून सोपं नाही.

मिराय या बॉटनेटचं उदाहरण घ्या. २०१६ साली कॅमेरे, डीव्हीआर, घरगुती राउटर अशी उपकरणं त्यात होती. मिराय नवीन उपकरणं शोधताना पाठवतं त्या सिन पॅकेटचा सीक्वेन्स क्रमांक डेस्टिनेशन आयपीइतकाच असतो. पोर्ट २३, आणि साधारण दहांतून एकदा २३२३. तुमच्यावर पूर सोडणारे पत्ते आणि आधीच्या दिवसांत तुमच्याच रिकाम्या पट्ट्यांवर अशी स्कॅन पॅकेटं पाठवणारे पत्ते ताडून बघा. बरेच जुळले तर हत्याराची जात कळली. मूळ कोड सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस जाहीर झाल्याने पुढे त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, त्यामुळे यावरून माणूस कळत नाही.

बॉटकडून नियंत्रकाकडे जाण्याचा रस्ता बॉट ज्या जाळ्यात आहेत तिथूनच निघतो. हल्ला सुरू होण्याआधीच्या मिनिटभरात अनेक बॉटना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून छोटंसं पॅकेट आलं का, हे त्यांच्या सेवादात्याने बघायचं. इथे १:१००० सॅम्पलिंग निकामी. आज्ञा एका पॅकेटची असू शकते.

भाड्याने हल्ले विकणाऱ्या बुटर सेवांच्या बाबतीत पॅकेटांपेक्षा हिशेबाच्या वह्या जास्त बोलतात. एप्रिल २०१८ मध्ये वेबस्ट्रेसर बंद केली गेली तेव्हा दीड लाखाहून जास्त नोंदणीकृत वापरकर्त्यांची माहिती तपासयंत्रणांच्या हाती आली. ते काम पोलिसांचं, आपलं नव्हे.

नवखा_अ‍ॅडमिन

वेबसाइटवरच्या एचटीटीपी पुरात तरी अ‍ॅक्सेस लॉगमधला आयपी खरा धरायचा ना?

शर्वरी

जोडणी पूर्ण झालेली असते, म्हणून जोडणीचा पत्ता खरा. पण तुमच्यापुढे रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या आधी घेऊन पुढे देणारा सर्व्हर) असेल तर लॉगमध्ये येतो तो बहुधा एक्स-फॉरवर्डेड-फॉर शीर्षकातून, आणि त्यात डाव्या बाजूला हल्लेखोर हवं ते लिहू शकतो. उजवीकडून मोजा: तुमच्या स्वतःच्या विश्वासातल्या प्रॉक्सी सोडा, त्यानंतरचा पहिला पत्ता तेवढा खरा. सगळ्यात डावा पत्ता घेणारी कॉन्फिगरेशन सर्रास दिसते.

तो खरा पत्ताही कुणाच्या तरी घरातल्या प्रॉक्सी झालेल्या उपकरणाचा असू शकतो. म्हणून पत्त्यांऐवजी टीएलएस (एन्क्रिप्टेड) जोडणीच्या ठशावर (जेए३, जेए४) गट पाडा. दहा हजार पत्ते, वेगवेगळे ब्राउझर असल्याचा दावा आणि ठसा एकच, तर मागे टूल एकच आहे.

जुनाखोंड

साखळीच्या शेवटी जे जाळं सापडतं तिथे नेमकं काय चुकलेलं असतं? ग्राहकाकडून येणाऱ्या पॅकेटचा सोर्स पत्ता तपासलेला नसतो, बस. ही तपासणी सांगणारी आरएफसी २८२७ ही २००० सालची, ३७०४ ही २००४ ची, ८७०४ ही २०२० ची. "आमच्याकडे यूआरपीएफ (सोर्स पत्ता रूटिंग टेबलशी ताडणं) आहे" असं उत्तर आलं तर कुठलं ते विचारा. लूज असेल तर ते फक्त रूटिंग टेबलमध्ये अजिबात नसलेले पत्ते अडवतं. तुमचा पत्ता टेबलमध्ये आहेच, तो खुशाल जातो. ग्राहकाच्या एकेरी जोडणीवर स्ट्रिक्ट हवं, म्हणजे त्या पत्त्याकडचा मार्ग त्याच इंटरफेसवरून असेल तरच पॅकेट सोडणारं. दोन सेवादात्यांकडे जोडलेल्या ग्राहकावर स्ट्रिक्ट लावलं तर वैध ट्रॅफिक अडतो, तिथे त्याच्या पट्ट्यांचा एसीएल. तपासणी खरंच चालते का हे कायडा या संशोधन संस्थेच्या स्पूफर प्रोग्रॅमने आतून चालवून बघता येतं.

नवखा_अ‍ॅडमिन

तक्रार पाठवताना काय काय द्यायचं?

रात्रपाळी

आधी पत्ते एएसप्रमाणे वेगळे करा, एका जाळ्याला एकच मेल, पत्ता आरडॅपमधल्या (कुठले आयपी कुणाचे याची नोंदवही) अ‍ॅब्यूज संपर्काचा. चाळीस हजार ओळींची फाइल सगळ्यांना पाठवली तर कुणीच उघडत नाही.

प्रत्येक ओळीत यूटीसी वेळ सेकंदापर्यंत, सोर्स आयपी, सोर्स पोर्ट, डेस्टिनेशन आयपी आणि पोर्ट, प्रोटोकॉल, पॅकेटांची संख्या. सोर्स पोर्ट सगळे गाळतात, आणि सीजीएनएटीमागे (सेवादात्याने एक पत्ता अनेकांत वाटण्याची सोय) एकाच पत्त्यावर शेकडो ग्राहक असताना पोर्ट आणि अचूक वेळ नसेल तर सेवादात्याला ग्राहक शोधता येतच नाही. आरएफसी ६३०२ नेमकं हेच नोंदवायला सांगते. तुमच्या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये सोर्स पोर्ट मुळात लिहिला जात नसेल, तो रकाना आजच जोडा.

सोबत पाच-दहा पॅकेटांचा नमुना, त्यात तुमच्या ग्राहकांचा डेटा नाही याची खात्री करून. आणि वर स्पष्ट लिहा: पत्ता खरा आहे याची खात्री आहे (टीसीपी जोडणी पूर्ण झाली), की तुमचा सर्व्हर रिफ्लेक्टर म्हणून वापरला जातोय, की पत्ता खोटा असू शकतो पण पॅकेटं तुमच्याकडून आमच्या अमुक सत्रावर आली. तिन्हींवर समोरच्याने करायचं काम वेगळं आहे. सिन पुरात तर उलट तक्रारही येते: ज्यांचे पत्ते खोटे वापरले गेले त्यांना तुमच्या सर्व्हरची सिन-अ‍ॅक उत्तरं दिसतात आणि ते तुम्हालाच हल्लेखोर समजतात. त्यांना तोच नमुना पाठवा.